एजंट कशाला?

"इथे नको," ती म्हणाली.

मालकीणबाई किल्ल्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती, नळाला पाणी होतं, जिन्याला धड कठडा होता. तिच्या नवऱ्याला तर घर बघताक्षणी आवडलं होतं.

"आता यात काय खोट काढलीस?" जिना उतरताना त्याने विचारलं.

"वारा नाही."

"अगं, पडदा हलत होता!"

"तो पंख्याने," असं म्हणून ती पुढे चालू लागली.

त्यांची राहती इमारत पाडायला काढली होती. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू केव्हाच सामान हलवून गेले होते. मुलगा परगावाहून सारखा फोन करायचा. "बाबा, एजंट गाठा. या वयात उन्हातान्हात वणवण कशाला करताय?"

पण म्हातारा हट्टाला पेटला होता. "उभा जन्म घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले मी. या शहरात एक जिना नसेल ज्याच्याखाली मी वाकलो नाही. मला घर दाखवायला एजंट कशाला?"

मीटर आता आपले आपणच आकडे कळवत होते. नोकरी संपली आणि त्याचं बोलणंही हळूहळू आटत गेलं. बायकोने विचारलं तर हो किंवा नाही, मुलाने विचारलं तर "बरं आहे". एवढ्यावर त्याचा दिवस भागायचा. घर शोधायची वेळ आली आणि तो सकाळीच बूट घालून दारात उभा राहू लागला. तीही पायात साध्या चपला अडकवून, पाण्याची बाटली घेऊन त्याच्यामागे निघायची.

रस्त्यावरून जाताना त्याला एकेक आठवत जाई. या दुकानाच्या माळ्यावर एक शिंपी राहायचा, मीटर वाचून होईपर्यंत शिट्टी वाजवायचा. त्या कोपऱ्यावरच्या घरात तर दार उघडणाऱ्या आजीबाईंनीच त्याला ओळखलं.

"अहो, मीटरवाले ना तुम्ही? आमच्या कुत्र्याने तुमची पँट फाडली होती!"

"फाडली कुठे? अर्धी ठेवून घेतली होती," तो म्हणाला. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चहा झाला, गप्पा झाल्या. खोल्या बघायच्या राहिल्याच.

दमली की दोघं कुठल्यातरी पायरीवर टेकायची. मग तो त्यांच्या पहिल्या खोलीची गोष्ट काढायचा. नवीन लग्न झालेलं. दिवसभर पायपीट. तिला नव्या चपला चावलेल्या, म्हणून त्या हातात धरून ती अनवाणी चाललेली. शेवटी एका घरमालकिणीने दारातच सुनावलं, "नव्या जोडप्यांना खोली देत नाही मी. भांडतात फार." त्यावर ही म्हणाली होती, "आमचं भांडण रस्त्यातच उरकलंय." मालकीण हसली आणि खोली मिळाली.

गोष्ट तिला तोंडपाठ होती, कारण ती तिचीच होती. तरी ती दर वेळी म्हणायची, "मग?"

एक दिवस खालच्या मजल्याच्या खिडक्या उखडायला माणसं आली. घणाचे घाव वरपर्यंत ऐकू येऊ लागले. त्याचा जीव टांगणीला लागला.

"चल," तो म्हणाला, "एजंटाकडे जाऊ. हरलो मी."

"उद्या जाऊ."

"उद्या नाही. आत्ता."

तिने सावकाश चपला अडकवल्या. एजंटाच्या ऑफिसात शिरताच खुर्चीतला माणूस तिच्याकडे बघून उठलाच. "या काकू! किल्ली न्यायला आलात ना? रंग कधीच वाळला हो."

"कसली किल्ली?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बागेसमोरच्या फ्लॅटची. काकूंनी मागच्याच महिन्यात करार केला की!"

तो बायकोकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. "घर मिळालं होतं? आणि रोज मला दारोदार फिरवलंस?"

ती पर्सचा बंद चाळवत राहिली. मग हळूच म्हणाली, "घर मिळालं म्हटलं असतं, तर तुम्ही पुन्हा गप्प झाला असता."

एजंटाने किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हाताऱ्याने ती उचलून बायकोच्या हातात दिली, एक खुर्ची तिच्यासाठी सरकवली, दुसरी स्वतःसाठी ओढली आणि तो ऐसपैस बसला.

"उद्या बघण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?" त्याने एजंटाला विचारलं. "जरा लांबचं असलं तरी चालेल."

"अहो काका, पण घर तर मिळालंय तुम्हाला!"

"मिळालंय ना," तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, आता निवांत बघू."