नव्या नागरिकाचा फोन

दुपारी पावणेपाचला नेब्रास्कातल्या एका चर्चच्या तळघरातून तोमासामावशीने सिनेटरच्या कचेरीत फोन लावला. कागदपत्रांविना इथंच वाढलेल्या मुलांना कायद्याने राहू द्या, असं नागरिकांनी सिनेटरला सांगावं म्हणून मावशीशेजारी बसलेली यारेली महिनाभर दारोदार फिरत होती. ती स्वतः त्यांतलीच. तिच्या गल्लीतल्या दोघांना गेल्याच आठवड्यात देशाबाहेर धाडलं होतं. मावशी मात्र नुकतीच नागरिक झालेली. “ऐकतील, पोरी! शपथ घेतलेली बाई आहे मी.” पलीकडून प्रश्न आला, “कुणासाठी बोलताय?” नागरिकत्वाच्या मुलाखतीने मावशीला एकच सवय लावली होती: विचारलं की सगळं खरं सांगायचं. तिने यारेलीचं पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्ताही सांगितला. यारेलीने फोन हिसकावून बंद केला. “अगं, एक अक्षरही चुकले नाही मी!” “त्यांनी लिहून घेतलं?” “दोनदा विचारून.” यारेली अजून त्या घरी झोपायला गेलेली नाही.