सगळ्यांना आवडणारं गाणं

बालमनावर पहिला संस्कार सुरांचाच व्हावा, यावर आमच्या घरात एकमत होतं. सूर कोणते, यावरून तीन वर्षांच्या शाल्मलीचं जेवण तीन दिवस अडलं होतं.

मी यमन लावला. लेकीने घास थुंकला. मग बदकाचं गाणं लावलं, तर एकविसाव्या फेरीला बायको म्हणाली, "आता या घरात ते बदक राहील, नाहीतर मी!"

चौथ्या सकाळी रस्त्यावरून गाणं ऐकू आलं. शाल्मली ताटलीभोवती नाचू लागली. "आली बाई एकदाची!" म्हणत बायकोही गुणगुणू लागली. कचऱ्याच्या दोन्ही बादल्या उचलून मी ठेक्यातच जिना उतरलो. परत येईपर्यंत अख्खी पोळी संपली होती.

"बाबा, पुन्हा लाव!"

"उद्या हं, राणी."

उद्या रविवार होता. रविवारी घंटागाडी येत नाही.