मायामापक

तपासनीस बाई खुर्चीत टेकल्या आणि केतकीनं भिंतीकडे पाहिलं. तिथल्या मायामापकाचा दिवा आजही लालच होता. आईची माया कमी पडली की मूल स्वमग्न होतं, ही केव्हाच खोटी ठरलेली समजूत सरकारनं पुन्हा उकरून काढली आणि अशा प्रत्येक मुलाच्या घरी हे यंत्र बसवलं. दिवा लालच राहिला म्हणून समोरच्या घरातल्या आईला गेल्याच आठवड्यात सुधारगृहात नेलं होतं. केतकीच्या लेकीनं, शाल्मलीनं ते खिडकीतून पाहिलं होतं.

आत्ता ती जमिनीवर बाटल्यांची झाकणं मांडत होती. रांग थेट आईच्या पायाशी आणून भिडवली होती तिनं, पण यंत्राला त्यातलं काय कळणार?

"जवळ घ्या तिला," बाई म्हणाल्या.

"अहो, तिला स्पर्श सोसत नाही. भाजल्यासारखी ओरडते."

"आईच असं म्हणायला लागली तर कसं व्हायचं?"

केतकीनं भीतभीत तिला कुशीत घेतलं. पोर लाकडासारखी ताठ झाली, पण ओरडली नाही. दिवा हिरवा झाला.

"बघा, जमतंय की!"

लेकीचे हाल बघवेनात, म्हणून केतकीनं मिठी सैल केली. तशी शाल्मलीनं थरथरत आईचे हात ओढले आणि स्वतःभोवती पुन्हा घट्ट आवळून घेतले. तिचे डोळे दिव्यावर खिळले होते.