एका पायाचा मोजा

“एकच?” रंगीबेरंगी मोजा पायात चढवत अण्णांनी थोरल्या सुनेला विचारलं.

“दोरा संपला. सासूबाईंची बाकीची रिळं वाटणीत तुम्हीच धाकटीला दिलीत ना!” ती फणकारली. लोकरीसोबत विणायचा तसला जुना, जांभळ्यातून केशरी होत जाणारा दोरा आता बाजारात मिळत नव्हता.

अण्णा काठी टेकत वरच्या मजल्यावर गेले. धाकट्या सुनेनंही एकच मोजा त्यांच्या हातावर ठेवला. कारण तेच, फणकाराही तोच. दोन वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मोजे घालून अण्णा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले. वरून धाकटी आली, खालून थोरली.

“ही टाच म्हणायची की भोपळा?” थोरलीनं भिंतीला विचारलं.

“आणि हा पंजा? यात उंदरीण बाळंत होईल!” धाकटीनं कठड्याला सांगितलं.

“माझ्याकडे बघून बोल!”

“बोलतेच! आधी चष्मा लावा आणि माझे टाके मोजा.”

तासाभरात दोन्ही मोजे उसवले गेले होते. दोघी एकाच पायरीवर बसून, एकमेकींच्या हातातून सुया ओढून घेत नवी जोडी विणत होत्या.

“बारा रिळं होती सासूबाईंची. मला चार मिळाली,” थोरली म्हणाली.

“मलाही चारच, जाऊबाई. उरलेली गेली कुठे?”

अण्णांनी उघडे, गार पाय पोटाशी घेतले आणि सदऱ्याचा फुगलेला खिसा हातानं झाकला.

“उंदरिणीनं नेली असतील,” ते म्हणाले.