तब्येतीची चौकशी

विमा कंपनीच्या खिडकीत बसलेल्या भोईटेनं कमलिनीबाईंना त्यांचाच आवाज ऐकवला. वर्षभर शेजारणी तब्येत विचारत होत्या आणि बाईंच्या मनगटावरची विम्याची पट्टी बाईंची उत्तरं टिपून कंपनीला पाठवत होती. "गुडघे गेले बाई." "आता काही खरं नाही माझं."

"आजार लपवलेत तुम्ही. पॉलिसी रद्द."

"अहो, दृष्ट लागू नये म्हणून बोलतो आपण असं. पंचाहत्तरीत तीन जिने चढते मी."

"जिनेही मोजलेत पट्टीनं. म्हणून सरकारी योजनाही मिळायची नाही. ती अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आहे."

कमलिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात त्यांना भोईटेच्या मनगटावर तशीच पट्टी दिसली.

"घरच्या सगळ्यांचा विमा या पट्टीवरच का?"

"हो. आईचासुद्धा."

"बऱ्या आहेत ना आई?" त्यांनी अगदी मायेनं विचारलं.

"कसली बरी? काही खरं नाही हो तिचं," भोईटे सवयीनं बोलून गेला.

पट्टीवर दिवा लागला. त्यानं दुसऱ्या हातानं ती घट्ट दाबून धरली, पण बोलणं पोचलं होतं.