दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर

"सिग्नलला थांबली की गाडी नुसती धडधडते, कधी बंदच पडते," गाडीच्या मालकाने पाटीवर लिहून दिलं.

बाबल मिस्त्रींना ऐकू येईनासं होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि मूठ दातांत घट्ट धरली. जबड्याच्या हाडातून आवाज आत आला. एका जागी बारीक फुसफुस लागली.

"हवेचा पाइप चिरलाय," ते म्हणाले.

घरी बायको तांदूळ निवडत होती. तिचे ओठ हलत होते. पूर्वी तिच्या गुणगुणण्याला वैतागून ते "पुरे गं" म्हणायचे.

आज त्यांनी तिच्यासमोर मांडी घालून बसून कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं.

"म्हण," ते म्हणाले, "थांबू नकोस."