शेवटची चढाई कुणाची?

दारात जुने कबड्डीपटू सदूअण्णा मोहिते दिसले, तसं मी दार अर्धंच उघडलं. त्यांच्यावरचा इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातला लेख सकाळीच मी काढून टाकला होता. त्यांच्या मुलानं वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी पैसे देऊन तो लिहून घेतला होता आणि लिहिणाऱ्यानं ते लपवलं होतं. आम्हा हौशी संपादकांकडे हे चालत नाही. मुलगा फोनवर मला वाट्टेल ते बोलला होता.

“ते खोडणाऱ्या बाई तुम्हीच न्हवं?”

“अण्णा, नियमच तसा...”

“नियम ऱ्हाऊ द्या. परत तर न्हाई ना येणार ते?”

मी नकारार्थी मान हलवली, तसे अण्णा मटकन पायरीवर बसले आणि हसायलाच लागले. “सुटलो बघा! आमच्या संघाच्या त्या कबड्डी फायनलची शेवटची चढाई माझ्या जोडीदाराची, धोंडीरामाची. पोरानं लेखात माझ्या नावावर घातली. तवापासनं धोंडी माझ्याशी बोलत न्हाई. आज वढूनच आणलाय.”

फाटकाबाहेर रिक्षात एक म्हातारा तोंड फिरवून बसला होता. लेख काढल्याची नोंद मी मोबाइलवर उघडून दिली, ती अण्णांनी त्याच्या नाकासमोर धरली. “बघ, गेलं.”

धोंडीरामानं चष्मा सावरून बराच वेळ पाहिलं आणि माझ्यावरच खेकसला, “सगळंच काढलं व्हय? ह्यानं समोरच्या संघाचा कॅप्टन एकट्यानं पकडलावता, तेवढं तरी ठेवायचं!”

“त्याला पुरावा लागतो, काका. पेपरातलं कात्रण वगैरे.”

“हाय की माझ्या ट्रंकेत,” धोंडीराम म्हणाला आणि अण्णांसाठी सीटवर सरकला.